नवे निघाले म्हणून घेऊ नका, चालते म्हणून ठेवू नका

शेतीच्या पानावर संगणकाचे पुराण कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण गावात एक चक्कर मारा म्हणजे कारण कळेल. अनुदानाच्या खताची पिशवी आज आधार क्रमांक आणि अंगठा दिल्याशिवाय मिळत नाही. ही पद्धत मार्च २०१८ पर्यंत देशभर लागू झाली. सातबारा संगणकातून निघतो. पीकविम्याचा अर्ज सेवा केंद्रातल्या संगणकावरून जातो. सोसायट्यांचे म्हणाल तर केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिफण मोडली की जसा पेरा अडतो, तसा आता संगणक बसला की शेतकऱ्याचा अर्धा कारभार अडतो. तिफणीची डागडुजी आपण मृगाच्या आधी करून ठेवतो. संगणकाची मात्र कोणीच करत नाही.

निविष्ठांच्या तपासणीला कृषी सेवा केंद्रावर गेलो की परवाना, साठा रजिस्टर, भावफलक पाहणे हे आमचे काम. पण हल्ली नजर काउंटरवरच्या संगणकाकडेही जाते. तिथे दोन तऱ्हेचे दुकानदार भेटतात. एक उत्साही. पडद्यावर "नवीन आवृत्ती उपलब्ध" अशी पाटी आली की लगेच बटण दाबणारा, मग ती भर हंगामात का येईना. दुसरा त्याच्या उलट. त्याने मेकॅनिककडून अपडेट कायमचे बंद करून घेतलेले असतात. विचारले तर म्हणतो, "साहेब, चालते ना बापा व्यवस्थित, मंग त्याले कायले हात लावता?" दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक आहेत, आणि दोघेही घातात आहेत.

पहिल्याचे काय होते ते पाहा. मागे एका तालुक्याच्या गावी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्राबाहेर पंधरा-वीस माणसे सातबारा आणि पासबुक घेऊन बसली होती. आत पडद्यावर "संगणक बंद करू नका" अशी सूचना आणि टक्केवारी गोगलगाईच्या चालीने पुढे सरकत होती. तेवढ्यात वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली. संगणक पुन्हा सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी, मेकॅनिक आल्यावर. खरिपाच्या विम्याची मुदत साधारणपणे जुलैअखेर असते. अशा वेळी एक दिवस जाणे म्हणजे काय, हे ज्याचे पीक पुढे पाण्याखाली गेले त्याला विचारा.

दुसऱ्याचे नुकसान एका दिवसात दिसत नाही, पण होते तेव्हा मोठे होते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधले एक मोठे छिद्र बुजवणारा अपडेट दिला. पुढे सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू त्याच छिद्रातून सुमारे दीडशे देशांतल्या संगणकांत घुसला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांचे काम कोलमडले. औषध दोन महिने तयार होते, फवारणी मात्र झाली नव्हती. त्यानंतर २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा विषाणू आला आणि आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे. कंटेनर हलेनात, ट्रकांच्या रांगा लागल्या. हा विषाणू मुळात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता आणि पुढे पसरायला त्याने तेच जुने छिद्रही वापरले. म्हणजे एकाच घटनेत दोन्ही धडे: अपडेट न करणे धोक्याचे, आणि अपडेट आला म्हणून डोळे झाकून घेणेही धोक्याचे.

डोळे झाकून घेण्याचा याहून मोठा दाखला १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला जगभर एकदम सोडला. सव्वा तासात तो मागे घेतला, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले होते. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. त्यानंतर कंपनीने ठरवले की यापुढे असे अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायचे. आपला शेतकरी नवे वाण आधी दोन तासांत पेरून पाहतो. तो शहाणपणा एवढ्या मोठ्या कंपनीला ठेच लागल्यावर आला.

आता मुद्द्यावर येतो. "अपडेट" या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. एक असतो सुरक्षेचा अपडेट. तो म्हणजे पिकावरची फवारणी. पीक तेच, वाण तेच, फक्त किडीपासून संरक्षण. मायक्रोसॉफ्टचा असा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा, निघतो. दुसरा असतो आवृत्तीचा बदल. तो म्हणजे वाणच बदलणे. फवारणी वेळेवर झालीच पाहिजे. वाण मात्र हंगामाच्या मधात कोणी बदलत नाही आणि शेजाऱ्याने आणले म्हणून तर मुळीच बदलत नाही.

वाण कसे निवडावे हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या दाराशी आहे. तिथे निघालेले वाण लगेच बाजारात येत नाही. आधी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, मग निरनिराळ्या ठिकाणी, मग शेतकऱ्यांच्या वावरात चाचण्या होतात आणि मगच ते शिफारशीत येते. १९९४ साली प्रसारित झालेले जे.एस. ३३५ हे सोयाबीनचे वाण आपल्याकडे वर्षानुवर्षे चालले, कारण त्याचा भरवसा होता. पण म्हणून ते कायम धरून बसता आले नाही. नवी वाणे आली, शिफारशी बदलल्या. संगणकाच्या प्रणालीचेही हेच. प्रणाली भरवशाची पाहिजे, पण मुदत संपलेली नको.

मुदत हा शब्द लक्षात ठेवा. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली. तरी आपल्या देशातली एटीएम त्याच प्रणालीवर चालत राहिली. शेवटी रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना तारखा बांधून दिल्या: सप्टेंबर २०१८ पर्यंत निदान २५ टक्के एटीएम बदला, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सगळी. यातली रीत पाहा. एकदम सगळे बदला असेही नाही आणि सवडीने बदला असेही नाही. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. आपल्या तालुक्यांतल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत विंडोज १० वरचे संगणक भरपूर आहेत. व्यवसायाच्या संगणकांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षे सुरक्षेचे अपडेट मिळू शकतात, पण त्याचा दर दरवर्षी दुप्पट होतो. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर बसत नाही. त्याला काही विशिष्ट भाग यंत्रात असावे लागतात. आणि विंडोज ११ घेतले म्हणजे काम संपले असेही नाही. होम आणि प्रो प्रकारात दरवर्षी निघणाऱ्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच आधार असतो.

ज्याला खर्च झेपत नाही त्याच्यासाठी लिनक्सचा मार्ग आहे. उबंटू नावाची प्रणाली फुकट मिळते. तिच्यातही दोन जाती आहेत. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे आधार असतो. २०२४ ची आवृत्ती घेतली तर २०२९ पर्यंत पाहावे लागत नाही. मधल्या आवृत्त्यांना मात्र फक्त नऊ महिने. कामाच्या संगणकावर दीर्घ मुदतीचीच घ्यावी. पण आपले अंगठ्याचे यंत्र, बिलाचा प्रोग्राम, छपाईयंत्र तिच्यावर चालते की नाही, हे आधी विचारून आणि समोर चालवून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

काही जण म्हणतील, मोठ्या बँकांचे ठीक आहे, "आमच्यापाशी एकच डबा हाय, चाचणी कायच्यावर करू?" रास्त प्रश्न आहे. सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवणशक्ती पाहतो. सत्तरच्या वर उगवले तर बियाणे पेरायला घेतो. सोसायटीत किंवा दुकानात दोन-तीन संगणक असतील तर कमी महत्त्वाच्या एकावर अपडेट आधी घ्या, चार दिवस बिल, छपाई, अंगठा सगळे चालवून पाहा, मग बाकीच्यांवर घ्या. एकच संगणक असेल तर सुरक्षेचा अपडेट आठ-दहा दिवस थांबवा. काही खोट असेल तर तोवर ती जगात बोंबलत बाहेर येते. थांबवायची सोय विंडोजमध्येच आहे. जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येते. मात्र आठ-दहा दिवसांचे आठ महिने होऊ देऊ नका. आणि आवृत्तीचा बदल जून ते ऑगस्टमध्ये करूच नये. उन्हाळ्यात, हंगामाआधी, बाजार बंद असलेल्या दिवशी तो उरकावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा काही लोकांच्या साठवलेल्या फायलीच पुसल्या गेल्या, कंपनीला चार दिवसांत ती थांबवावी लागली आणि दुरुस्त होऊन ती पुन्हा यायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. थोडे थांबणारे वाचले.

त्याहून मोठी गोष्ट नकलेची. कोणताही अपडेट घेण्याआधी हिशेबाची, साठ्याची, सभासदांची नोंद वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवली तर विषाणू तिलाही खातो. मर्स्क कंपनीवर २०१७ मध्ये संकट आले तेव्हा तिच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा सांभाळणारी यंत्रे जगभर गेली. वाचले फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातले एक, आणि ते का वाचले? तर त्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ते जाळ्याबाहेर होते. भारनियमन सोसलेल्या आपल्या माणसाला याचे हसू येईल, पण धडा खरा आहे. तोडून ठेवलेली प्रतच वाचते. आणि यूपीएसची बॅटरी तपासा. अपडेट चालू असताना वीज गेली तर नसते दुखणे मागे लागते.

स्वस्तात मिळते म्हणून चोरीची विंडोज टाकून घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की बिनलेबलचे बियाणे आणि ही प्रणाली यांत फरक नाही. फसलो तर दाद कुठे मागणार? पुष्कळदा अशा संगणकात अपडेट मुद्दाम बंद केलेले असतात, आणि ते कोणी, कसे केले याचा पत्ता नसतो.

शेवटी एक मागणी करतो. बियाण्याच्या पिशवीवर लेबल असते, त्यावर चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. मुदतबाह्य बियाणे विकले तर आम्ही विक्री थांबवतो. मग हजारो रुपयांचा संगणक विकताना त्याच्या बिलावर प्रणालीचे नाव, आवृत्ती आणि तिचा आधार कोणत्या तारखेला संपतो हे लिहायला विक्रेत्याला काय हरकत आहे? सोसायट्यांना आणि कचेऱ्यांना सरकारी पैशातून संगणक देणाऱ्यांनी तर हे लिहून घेतल्याशिवाय खरेदीच करू नये. यंत्र दिले म्हणजे संगणकीकरण झाले असे होत नाही. तालुक्याला निदान एक जाणता माणूस असावा, त्याच्याकडे प्रत्येक संस्थेच्या संगणकाची आवृत्ती आणि मुदत लिहिलेली वही असावी, आणि हंगामाआधी मे महिन्यात एकदा आणि रब्बीच्या आधी एकदा त्याने सगळे तपासावे. सोसायटीच्या गटसचिवावर हे टाकून मोकळे होणे बरे नव्हे. त्याच्या मागे कर्जवाटप आणि वसुली आधीच आहे.

तोवर दुकानदार आणि सचिव बंधूंनी आजच एक काम करावे. विंडोजचे बटण दाबून 'विनव्हर' हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावा. एक छोटी चौकट उघडते, तिच्यात आपली आवृत्ती दिसते. ती साठा रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहावी आणि पुढे तिची मुदत लिहावी. मुदत येत्या खरिपाच्या आधी संपत असेल, किंवा संपलेलीच असेल, तर पावसाची वाट पाहू नये.