घरगुती धुण्याची पावडर आणि परसातील जमीन

धुण्याची पावडर घरी अथवा बचत गटामार्फत तयार करण्याची माहिती आता खेडोपाडी पोहोचली आहे. किसलेला साबण, धुण्याचा सोडा व थोडा टाकणखार एवढ्यावर घरचे काम भागते. विक्रीसाठी करावयाची झाल्यास ॲसिड स्लरी, सोडा आणि वजन भरण्यासाठी मीठ वापरतात. यात पैसा वाचतो, चार स्त्रियांच्या हाताला काम मिळते, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु ‘घरी केलेली म्हणून निरुपद्रवी’ अशी जी समजूत या पावडरीबरोबर पसरत आहे, ती बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील भागात तरी तपासून घ्यावयास हवी. पावडर घरी केल्याने सोड्यातील सोडियम काही कमी होत नाही. आणि धुण्याचे पाणी जर परसबागेत जात असेल, तर ते सोडियमही तेथेच जाते.

सोडा ही वस्तू या जिल्ह्याला परकी नाही. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त लोणारच्या परिसरात काच व साबण करण्याचे साहित्य सापडते अशी नोंद आहे. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी ओसरले म्हणजे काठावर साठणारे क्षार पूर्वी गोळा केले जात. आज सरोवराचा परिसर अभयारण्य असून २०२० साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला; तेव्हा तेथून क्षार आणण्याचा प्रश्नच उरलेला नाही. मात्र सोडा एका जागी साठत गेला म्हणजे पाण्याची काय अवस्था होते, हे पाहावयास लोणारसारखे दुसरे ठिकाण नाही. तेथील पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो.

धुण्यात सोड्याचे काम काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. जड पाण्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी मिळून चिकट साका होतो, फेस येत नाही आणि कपड्यावर करडी पुटे चढतात. सोडा हे क्षार खाली बसवितो व साबण मोकळा राहतो. शिवाय तेलकट मळही सैल होतो. म्हणजे जड पाण्यात सोडा घालणे शास्त्राला धरूनच आहे. पण खारपाणपट्ट्यातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असण्याबरोबर खारटही असते. मिठामुळे आलेल्या खारटपणावर सोड्याचा काहीही उपाय चालत नाही. फेस येत नाही म्हणून गृहिणी मूठभर सोडा आणखी टाकते, फेस तरीही येत नाही, आणि तो सोडा मोरीतून वाहून परसात जातो.

आता जमिनीकडे पाहू. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील पूर्णेकाठची काळी जमीन चिकण आहे. तिचा निचरा मुळातच मंद, खालचे पाणी खारे. अशा जमिनीच्या कणांवर चुन्याची जागा सोडियमने घेतली म्हणजे कण सुटे होतात, पाण्यात फुगून छिद्रे बुजतात, वर पाणी तुंबते आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. हीच चोपण जमीन. कणांना चिकटलेल्या एकूण क्षारघटकांत सोडियम शंभरास पंधरापेक्षा अधिक झाले म्हणजे जमीन चोपण झाली असे सर्वसाधारणपणे धरतात. काळ्या चिकण जमिनीत त्याहून बरेच कमी सोडियमही नडते. सोड्याचा आणखी एक दोष असा की, तो जमिनीच्या पाण्यातील चुना बांधून टाकतो व सोडियमला रान मोकळे करून देतो. या बाबतीत तो मिठापेक्षाही वाईट.

थोडा हिशेब करून पाहावा. एका घरी दर धुण्यास ५० ग्रॅम सोडा लागतो व आठवड्यातून चार वेळा धुणे होते, असे धरले तर वर्षाला १० किलोंहून थोडा अधिक सोडा होतो. तो निर्जल असल्यास त्यात सुमारे साडेचार किलो सोडियम असते. ते सर्व अर्धा गुंठा परसात, वरच्या वीतभरापेक्षा थोड्या कमी थरात राहिले, तर भारी काळ्या जमिनीतील सोडियमचे प्रमाण एका वर्षात शंभरास चारच्या आसपास वाढू शकते. सगळे राहत नाही, काही पावसाने खाली जाते, हे खरे. पण जेथे निचराच नाही तेथे पावसावर किती भिस्त ठेवावी? तेवढ्या सोड्याचा परिणाम मारावयास सुमारे १७ किलो शुद्ध जिप्सम लागेल. एका हाताने शेतात जिप्सम टाकावयाचा सल्ला द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने परसात सोडा ओतावयाची कृती शिकवावयाची, ही विसंगती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या ध्यानात यावयास पाहिजे.

बाजारच्या पावडरीतही सोडा असतोच, मग घरच्या पावडरीवरच ठपका का, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. परंतु दुकानातील पुडी आणणारा तिला औषध समजत नाही. घरची पावडर मात्र ‘झाडांनाही चालते’ असे सांगून शिकविली जाते. टाकणखाराबाबत तर अधिकच सावध राहावे. त्यातील बोरॉन पिकाला लेशमात्र लागते. थोडे अधिक झाले की पानांच्या कडा करपतात. परसबागेत पाणी सोडणाऱ्या घरी टाकणखार वापरूच नये.

घाटाखाली खरी शिफारस करावयाची ती रिठ्याची व हिंगणबेटाची. रिठ्याचा फेस जड पाण्यातही फाटत नाही, त्याचा साका होत नाही आणि त्यात सोड्याचा अंश नाही. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी दहा मिनिटे उकळून, निवल्यावर कुस्करून गाळून घ्याव्यात. एवढे पाणी बादलीभर धुण्यास पुरते. ते दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि उरलेले तळ्यात किंवा नाल्यात ओतू नये. रिठा व हिंगणबेट दोन्ही माशांना मारक आहेत. रंगीत, रेशमी व लोकरी कपड्यांस रिठा उत्तम. शेतात मळलेले धोतर किंवा तेलकट कपडे मात्र त्याने नीट निघत नाहीत, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यांना साबण लागेल, क्वचित सोडाही लागेल. त्या धुण्याचे पहिले पाणी परसात न सोडता गावाच्या गटारात न्यावे; शेवटचे खळबळलेले पाणी भाज्यांना देण्यास हरकत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरून उतरणारे पाणी धरून ठेवले तर सोड्याची गरजच पडत नाही, कारण ते पाणी मऊ असते.

घाटावर, चिखली-मेहकरकडील हलक्या व निचऱ्याच्या जमिनींत, सोड्याचा धोका बराच कमी आहे. तेथे बचत गटांनी पावडर करावी. मिठाची भर तेवढी टाळावी. साऱ्या जिल्ह्याला एकच कृती छापून वाटणे सोयीचे असले तरी योग्य नाही.

परस बिघडू लागले आहे काय, हे घरच्या घरी पाहता येते. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घेऊन त्यात परसातील वाळलेले बोराएवढे ढेकूळ अलगद सोडावे. ढवळू नये. दुसऱ्या दिवशी ढेकूळ विरघळून पसरलेले असले तरी वरचे पाणी निवळ असेल, तर चिंता नाही. पाणी गढूळच राहिले असेल, तर त्या परसात धुण्याचे पाणी सोडणे बंद करावे आणि मातीचा नमुना तपासणीसाठी पाठवावा.