शाळा मिशनची, मूल आपलें

देवधर्म न मानणाऱ्या कित्येक आईबापांस मूल मिशनच्या शाळेंत घालावें कीं नाहीं, असा पेंच पडतो. तेथील शिस्त हवी, प्रार्थना नको! आमचें म्हणणें असें कीं, आधीं कायदा वाचावा. १९५० पासून अमलांत असलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमान्वयें सरकारमान्य वा अनुदानित शाळेंत अज्ञान मुलावर पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती करतां येत नाहीं. मात्र छापील अर्जावर न वाचतां सही करणें म्हणजे ती संमती दिल्यासारखेंच आहे. तेव्हां सहीपूर्वीं विचारावें, नकार लेखी द्यावा. परंतु प्रार्थनेच्या वेळीं एकटें बाहेर बसणें सोसवेल काय, हें त्या मुलालाही विचारावें. तत्त्व बापाचें आणि शिक्षा लेकराला, हा न्याय नव्हे.