ग्राहक चळवळ, ॲस्बेस्टॉस आणि आपण

ग्राहक चळवळीविषयी आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते आढळतात. पहिले असे की, ही चळवळ म्हणजे सुखवस्तू मध्यमवर्गाची तक्रारपेटी होय. बिघडलेले शीतकपाट आणि वजनात मारलेली साखर यांच्या पलीकडे तिची दृष्टी जात नाही. दुसरे मत अधिक तात्त्विक आहे. गिरणीमालकही ग्राहक आणि गिरणीकामगारही ग्राहक, तेव्हा ही संज्ञाच मुळी वर्गविरोधावर पांघरूण घालते, असे ते सांगते. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु ती एकदा पटली की आपण पुढचा कागद वाचण्याचे सोडून देतो, आणि या बाबतीत न वाचलेला कागद आपल्याच कामगारांच्या फुप्फुसांविषयीचा आहे.

अहमदाबाद येथे १९७८ साली प्रा. मनुभाई शहा यांच्या पुढाकाराने 'कन्झ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर' ही नफा न कमावणारी ग्राहक संस्था स्थापन झाली. तिने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात एक रिट अर्ज दाखल केला. त्याचा विषय भेसळ नव्हता, वीजबिल नव्हते. ॲस्बेस्टॉसच्या खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांचे आरोग्य हा त्याचा विषय होता. २७ जानेवारी १९९५ रोजी, म्हणजे नऊ वर्षांनी, न्या. के. रामस्वामी यांनी लिहिलेला निकाल लागला. कामगाराचा आरोग्याचा व वैद्यकीय उपचाराचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि तो नोकरीत असताना तसाच निवृत्तीनंतरही अबाधित राहतो, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे.

निकालातील आदेश प्रत्येक कामगार कार्यकर्त्याला मुखोद्गत असावयास हवेत. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून चाळीस वर्षे अथवा निवृत्तीनंतर किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत, मालकाने जपून ठेवली पाहिजे. हवेतील तंतूंचे प्रमाण मोजण्यासाठी मेंब्रेन फिल्टर पद्धती वापरली पाहिजे. कारखान्यास राज्य विमा कायदा लागू असो वा नसो, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याचा विमा उतरविला पाहिजे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने ज्या कामगारांना ॲस्बेस्टोसिस झाल्याचे प्रमाणित केले, त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये भरपाई दिली पाहिजे. लहान कारखान्यांनाही या नियमांच्या कक्षेत आणण्याचा विचार सरकारांनी केला पाहिजे.

चाळीस वर्षे कशासाठी, हे नीट समजून घेतले पाहिजे. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे आत गेलेला तंतू फुप्फुसात रुतून बसतो व विरघळत नाही. आज धूळ खाल्लेला कामगार उद्या आजारी पडत नाही. पंधरा, वीस, कधी तीस-चाळीस वर्षांनी त्याला धाप लागू लागते, अथवा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. तोपर्यंत कारखान्याची मालकी बदललेली असते किंवा त्यास टाळे लागलेले असते, आणि माणूस गावी परतलेला असतो. तेथील डॉक्टर क्षयाची औषधे देतो. आपण कोठे, किती वर्षे, कोणत्या खात्यात काम केले हे सिद्ध करणारा कागद नसेल, तर प्रमाणपत्र नाही; प्रमाणपत्र नाही, तर भरपाई नाही. कंत्राटी मजुराचे तर मस्टरवर नावच नसते. गोणी फोडणारा, पत्रे कापणारा, रात्री खाते झाडणारा हा बहुधा तोच असतो. त्याचे कपडे घरी धुणारी त्याची बायकोही तीच धूळ श्वासात घेते. तिची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही.

या अर्जावर अर्जदार म्हणून नाव होते ते ग्राहक संस्थेचे. बोनस, महागाई भत्ता, कामावरून कमी करणे यांसाठी आपण ज्या जिद्दीने लढलो, त्या जिद्दीने धुळीविरुद्ध लढलो नाही, हे कबूल केले पाहिजे. कित्येक ठिकाणी आपण 'धूळ भत्ता' मागितला आणि तो मिळाल्यावर विजयसभा घेतली.

त्याच संस्थेची आणखी एक लढाई आपल्याला अवघड प्रश्न विचारणारी आहे. आयुर्विमा महामंडळाची अल्प हप्त्याची एक मुदत विमा योजना केवळ सरकारी, निमसरकारी व नामांकित व्यापारी संस्थांतील पगारदारांपुरती राखून ठेवलेली होती. शेतमजूर, फेरीवाला, हातमागावरचा विणकर यांना तिचे दार बंद! संस्थेने हे आव्हान गुजरात उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले, आणि मे १९९५ मध्ये ती अट घटनाबाह्य ठरली. त्याआधी महामंडळावर टीका करणाऱ्या शहांच्या पुस्तिकेला महामंडळाने आपल्या 'योगक्षेम' या गृहपत्रिकेत उत्तर दिले, मात्र शहांचे प्रत्युत्तर छापण्याचे नाकारले. ते छापले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली कायम केला. (आपल्या नियतकालिकांच्या संपादकांनीही हा निकाल एकदा चाळावा, अशी नम्र सूचना.) सार्वजनिक क्षेत्रावरील अशा टीकेचा उपयोग पुढे खाजगीकरणवाल्यांनी केला, हे खरे. १९९९ साली विमाक्षेत्र खाजगी भांडवलास खुले झाले, २०२२ साली महामंडळाचे भागही बाजारात आले. तरीही शेतमजुराला दारात उभे न करणाऱ्या महामंडळाच्या रक्षणासाठी शेतमजूर रस्त्यावर उतरेल, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार होतो?

ग्राहक या संज्ञेची मर्यादा त्याच १९९५ च्या नोव्हेंबरात उघड झाली. वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने एक अपवाद केला: जेथे सर्वच रुग्णांना सेवा मोफत मिळते, तेथील रुग्ण ग्राहक नव्हे, त्याने भरलेला कर म्हणजे मोबदला नव्हे. ज्याच्याजवळ पैसा नाही, तो या कायद्याच्या दृष्टीने दिसेनासा होतो. इंग्रजी मसुदे मराठीत आणताना मला हा शब्द नेहमी अडतो. हिंदीत 'उपभोक्ता', मराठीत 'ग्राहक'. धूळ खाणाऱ्या मजुराला यांतला एकही शब्द लागू पडत नाही. अहमदाबादच्या संस्थेने आपले सर्वांत मोठे काम केले ते ग्राहक कायद्याबाहेर पडून, मूलभूत हक्कांच्या आधारे. म्हणून तिच्याशी आपला दुरावा असण्याचे कारण नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली कॉ. अहिल्या रांगणेकर आणि मृणाल गोरे यांनी हजारो स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले, तेव्हा त्या स्त्रिया ग्राहक की कामगारवर्ग, हा वाद कोणी घातला नव्हता.

मात्र केवळ न्यायालयावर विसंबण्यातला धोकाही ध्यानात ठेवावा. ॲस्बेस्टॉसवर बंदी मागणारा दुसरा एक अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळला; प्रतिस्पर्धी उद्योगाचे हितसंबंध त्यामागे असल्याचे न्यायालयास आढळले. एका भांडवलदाराने दुसऱ्यास मारण्यासाठी मजुराचे फुप्फुस पुढे करावे, असा हा प्रकार! युरोपीय संघाने २००५ साली, ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बंदी आणली. कॅनडाने क्वेबेकच्या खाणींतला माल वर्षानुवर्षे आपल्याला विकला आणि २०१८ साली स्वतःच्या देशात बंदी घातली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही तयार होतात; कच्चा माल प्रामुख्याने रशियातून येतो. लहान कारखाने कक्षेत आणण्याच्या सूचनेचे काय झाले म्हणाल, तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या दहावरून वीसवर नेली.

आता काळाचा हिशेब पाहा. १९८६ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात लागलेला आणि २०११ पूर्वीच काम सुटलेला कामगार घ्या. त्याची आरोग्यनोंद जपण्याची मुदत २०२६ मध्ये संपते. त्याच्या आधी लागलेल्यांपैकी अनेकांची संपलीही. त्यानंतर मालकाने ते कागद रद्दीत घातले, तरी त्याला जाब विचारता येणार नाही. अहमदाबाद असो, मुंबई असो, कोइमतूर असो, जेथे जेथे असे कारखाने चालू आहेत वा होते, तेथील आपल्या युनियनांनी जुन्या सभासदांच्या याद्या काढाव्यात, कंत्राटी मजुरांची नावे त्यांच्या सोबत्यांकडून गोळा करावीत, आणि निवृत्तांच्या आरोग्यनोंदींच्या प्रती कारखाना निरीक्षकाकडे लेखी मागाव्यात. अशा कामाचा अनुभव असलेली ग्राहक संस्था शहरात असेल, तर तिला बरोबर घ्यावे.