आधी टिपा, मग पुसा
हौसेने फिशिंग रॉड बांधणारे कड्यांवरचा दोरा केसभरही सरकू देत नाहीत. त्या दोऱ्यावर लावलेल्या एपॉक्सीचा ओघळ पुसताना मात्र घायकुतीला येतात. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की वेळ मोजायला लागायचं. ओलं आहे तोवरच ते अल्कोहोलने निघतं. कडक झाल्यावर खरवडणंच नशिबी. म्हणून आधी कोरड्या कागदाने टिपावं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका फिरवावा. हाताला लागलेलं रेझिन काढायला असिटोन वापरूच नये: पातळ झालेलं रेझिन त्वचेवर पसरतं आणि एकदा जडलेली अ‍ॅलर्जी सहसा जन्माची सोबत करते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. तरीही लागलंच, तर साबण-पाणी. उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नये, घट्ट झाल्यावरच कचऱ्यात टाकावं. कारागीर ओळखायचा तर त्याचा फडका पाहावा.