पुस्तकांच्या ओळखी : टेकडीवरचे दुकान

गावातल्या दुकानदाराला घराघराची नाडी ठाऊक असते. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचे तेल संपले, कोणाची उधारी तुंबली, सारे त्याच्या वहीत असते. अशाच एका दुकानाभोवती जेम्स मॅकब्राइड या अमेरिकन लेखकाने इंग्रजीत एक कादंबरी रचली आहे. ‘द हेवन अँड अर्थ ग्रोसरी स्टोअर’ हे तिचे नाव. २०२३ साली ती प्रसिद्ध झाली.

दुकान आहे पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पॉट्सटाऊन गावी, चिकन हिल नावाच्या टेकडीवर. काळ सुमारे १९२० ते १९४० मधला. खाली गोऱ्यांची वस्ती आणि वर टेकडीवर काळे लोक व युरोपातून आलेले ज्यू. (ज्यू म्हणजे कोण हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल, त्यांच्या शेजारीच राहत असत.)

दुकान चालवते खोना ही ज्यू बाई. पोलिओने तिचा एक पाय अधू झालेला. गिऱ्हाइके बहुतेक काळी आणि गरीब. ती उधारी देते, पण वसुलीला जात नाही. दुकानात नफा म्हणून दिसत नाही. नवरा मोशे नाचगाण्याचे थिएटर चालवतो. त्यात चार पैसे मिळू लागल्यावर तो म्हणतो, आता खाली राहायला जाऊ. हाती पैसा आलेले बाकीचे ज्यू तसे गेलेच होते. खोना मात्र हलत नाही.

पुढे डोडो नावाच्या बारा वर्षांच्या काळ्या पोराची गोष्ट येते. आई वारलेली, शेगडीच्या स्फोटात कान गेलेले. सरकारी माणसे त्याला वेड्यांच्या संस्थेत टाकायला पाहतात. खोना त्याला घरात लपवते. शेजारची बर्निस तिची लहानपणची मैत्रीण, पण कित्येक वर्षे दोघींत बोलणे नाही. तिच्याच बापाने ज्यूंचे प्रार्थनामंदिर बांधून दिलेले. खोना तिच्याकडे जाते आणि पोराची अडचण सांगते. मग सरकारी माणूस आला की डोडो कुंपणापलीकडे बर्निसच्या पोरांत मिसळतो. इतक्या पोरांत हवे ते कोणते, हे त्या माणसाला कळत नाही! मला पुस्तकातला हा भाग सर्वांत आवडला. भाषण नाही, शपथ नाही, नुसते अंगण.

गावचा डॉक्टर मात्र कू क्लक्स क्लॅनच्या मिरवणुकीत बुरखा घालून चालणारा. तोही लंगडतो, म्हणून खोनाने त्याला ओळखलेले आणि तसे वर्तमानपत्राला लिहून कळवलेले. एके दिवशी दुकानात ती फीट येऊन पडते आणि हा तिच्या अंगाला नको तसा हात लावतो. डोडो धावून जातो, आणि त्यातच पकडला जातो. त्याला पाठवतात ती पेनहर्स्टची संस्था खरोखरची होती. १९०८ साली ती सुरू झाली आणि १९८७ साली बंद पडली. त्याला सोडवायला टेकडीवरले काळे आणि ज्यू कोणकोणत्या खटपटी करतात, ते इथे सांगून तुमची गोडी घालवत नाही.

सुरुवातीला माणसांची नावे फार येतात, डोके चक्रावते. पन्नास पाने धीर धरावा.

लेखकाचे वडील काळे, आई ज्यू. आईच्या वडिलांचेही व्हर्जिनियात दुकान होते, गिऱ्हाइके काळीच. पण तो आजोबा त्यांना जास्त भाव लावी. मुलीने काळ्या माणसाशी लग्न केले तेव्हा घरच्यांनी ती मेली असे समजून सुतक पाळले. आजीला मात्र खोनासारखाच पोलिओ झालेला होता. ही सारी हकिगत मॅकब्राइडने आधी ‘द कलर ऑफ वॉटर’ या आठवणींच्या पुस्तकात लिहिली आहे. घरात कोणी इंग्रजी वाचणारे असेल, तर त्याने आधी ते वाचावे आणि मग हे दुकान उघडावे.