दुखण्याला साक्षीदार कोण?

मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ बी. पी. वाडिया मद्रासच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या कामात होते. 1918 मध्ये ते पेरंबूरच्या गिरणी कामगारांपुढे उभे राहिले आणि त्या एप्रिलात मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. मालकांनी वाडियांना हायकोर्टात खेचले. तो अनुभव ताजा असतानाच, 1921 मध्ये, आपले कामगार नेते ना. म. जोशींनी केंद्रीय कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणारा कायदा मागितला. तो 1926 मध्ये झाला. मधल्या काळात, 1923 मध्ये, कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. आज त्याच अड्यारमध्ये नदीखालून मेट्रोचे बोगदे गेले आहेत आणि जुने बंगले पाडून फ्लॅट उठत आहेत. परांचीवरून पडलेल्या मजुराचा हात तुटला, तर कायद्याला तो लगेच दिसतो. हाडे जुळून आली, टाके सुटले आणि कंबर मात्र वर्षभर ठणकत राहिली, तर त्याच मजुराकडे कायदा संशयाने पाहतो.

याचे मूळ कायद्याला जोडलेल्या तक्त्यात आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली, तर्जनी गेली तर 14 टक्के, एक डोळा गेला तर 40 टक्के. दुखण्यासाठी या तक्त्यात ओळ नाही. पण म्हणून दार बंद आहे असेही नाही. तक्त्याबाहेरच्या दुखापतीत कमाईची क्षमता किती घटली, हे डॉक्टरांनी तपासून सांगावे, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच एका सुताराच्या प्रकरणात दिशा दाखवली होती. त्याचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला. मालक म्हणाला, हे अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान पूर्ण. म्हणजे अवयव किती उरला यापेक्षा धंदा किती उरला, हे बघायचे.

प्रत्यक्षात आकडा ठरतो तो डॉक्टरच्या एका ओळीने. पस्तीस वर्षांचा सेंट्रिंग कामगार घ्या. 2020 पासून हिशेबासाठी महिना 15,000 रुपयांपर्यंतच वेतन धरले जाते. त्याचे साठ टक्के गुणिले त्या वयाचा 197.06 हा गुणक, म्हणजे पूर्ण अपंगत्वाला 17,73,540 रुपये. दाखल्यावर ‘10 टक्के’ लिहिले की हातात 1,77,354. एमआरआयचा अहवाल म्हणतो, वयोमानानुसार झीज. कामगार म्हणतो, मणक्यात गॅप आहे, नस दबलीये, सिमेंटची गोणी उचलवत नाही. दोन्ही खरे असू शकते. पण टक्केवारी लिहिताना गोणीबद्दल कोणी विचारत नाही. तोवर ठेकेदाराचा माणूस पन्नास हजार आणि सहीचा कागद घेऊन दारात येतो. हक्क सोडून देणारा असा करार मुळातच रद्दबातल असतो, हे त्या घरात कोणाला ठाऊक नसते.

चिवट वेदना हे थोतांड नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्वतःचे स्थान दिले आणि ते वर्गीकरण 2022 पासून लागू आहे. जखम भरली तरी मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवत राहू शकते. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताने अशा रुग्णांना नियमित भरपाईतून वगळून चार आठवड्यांच्या पुनर्वसन कार्यक्रमावर बोळवण केली होती. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तो भेदभाव ठरवून रद्द केला. लबाडी करणारे थोडे असतीलही. त्यांच्या भीतीने साऱ्यांना लबाड धरता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

आपल्याकडे तर मृत्यूच्या भरपाईलाही वेळ लागतो. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत अपघातात गेला. कामावर जाणे हे कामाचाच भाग, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाची भरपाई कायम केली ती जुलै 2025 मध्ये. बावीस वर्षे. तिथे निदान माणूस गेला की नाही याबद्दल वाद नव्हता.

सुनावणीच्या या तारखा एकट्याने झेपत नाहीत. चेन्नईत भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांचे कार्यालय तेनामपेटला. बिहारहून आलेल्या मजुराला तिथली भाषा येत नाही, आणि तारखेला जाणे म्हणजे मजुरी बुडवून, दुखणे सोसत बसचे धक्के खाणे. नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्याला कामगाराच्या वतीने उभे राहता येते, ही सोय जुन्या कायद्यातच होती. संघटनांनी ती किती वापरली, हे इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा चाकणच्या ठेक्यावर राबणाऱ्यांना विचारावे. तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणे सक्तीचे केले. दिवसभर उभ्या राहणाऱ्या पायांची कायद्याने दखल घेणे अशक्य नाही, एवढे त्यातून कळते.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात विरला. तक्ता मात्र सोबत आला. प्रा. बी. पी. आडारकर यांच्या 1944 च्या अहवालातून उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात एक शहाणपणाची सोय होती: दुखापतीचे परिणाम अनपेक्षितपणे बळावले, तर वैद्यकीय मंडळाचा निर्णय पुन्हा तपासता येई, आणि लाभही दरमहा मिळे. विम्याबाहेरच्या मजुराला मात्र एकरकमी पैसे मिळतात आणि विषय मिटतो. त्याची कंबर पुढे दहा वर्षे काय करील, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलेले असते. केंद्राने हा फेरतपासणीचा हक्क भरपाईच्या प्रकरणातही आणावा. राज्यांनी नियमांत दाखल्याचा नमुनाच बदलावा: हा माणूस काय काम करत होता, किती वजन उचलत होता, सलग किती वेळ उभा राहू शकतो, हे रकाने भरल्याशिवाय टक्केवारीचा रकाना भरता येऊ नये.