ट्रॉलीच्या पायथ्याशी उभे राहण्याचे शिक्षण

एमएसच्या तीन वर्षांत आपण रेसिडेंटला प्लीहा काढायला, आतडे जोडायला, छातीत नळी टाकायला शिकवतो. गंभीर जखमी रुग्णाभोवती आठ माणसे जमली की त्यांच्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे मात्र कोणी शिकवत नाही. ते अनुभवाने येते, असे आपण धरून चाललो आहोत. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत थांबून पाहावे. सर्जरीचा रजिस्ट्रार पोटाच्या सोनोग्राफीत गुंतलेला, ऑर्थोचा मांडीला स्प्लिंट बांधतोय, भूलतज्ज्ञ नळी घालण्याच्या खटपटीत. ‘अरे, रक्त मागवा कोणीतरी’ असे कोणी म्हणते आणि ब्लड बँकेला फोन कोणीच करत नाही. प्रत्येकाचे हातातले काम बरोबर असते; रक्तदाब साठवर उतरलेला कोणी पाहत नाही.

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. यांतल्या अनेकांपर्यंत आपण पोहोचूच शकलो नसतो. जे आपल्या दारात जिवंत येतात, त्यांच्याबद्दलची जबाबदारी आपली आहे.

‘आमच्या मुलांचे एटीएलएस झालेले असते,’ असे उत्तर मिळते. हा कोर्स जन्मला तो डॉ. जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाच्या दुःखातून. 1976 मध्ये नेब्रास्कात त्यांचे छोटे विमान कोसळले, पत्नी गेली, मुले जखमी झाली आणि गावच्या रुग्णालयातले उपचार पाहून ते हादरले. 1978 मध्ये तिथेच पहिला कोर्स झाला. लहान रुग्णालयातल्या एकट्या डॉक्टरने आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण या क्रमाने काय करावे, ही त्याची मूळ बैठक. टीम ही सगळी कामे एकाच वेळी करते, आणि त्यांची सांगड घालणे ही वेगळी विद्या आहे. 2018 च्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक प्रकरणात टीमवर्कचा भाग आला, हे चांगले झाले. पण दोन-तीन दिवसांत नेतृत्व अंगी बाणत नाही.

या विद्येतला सर्वांत अवघड भाग सर्जनसाठीच अवघड आहे: हात मागे घेणे. नेत्याने ट्रॉलीच्या पायथ्याशी, मॉनिटर दिसेल असे उभे राहावे. रुग्ण पोहोचण्याआधी कामे नावानिशी वाटावीत. सूचना एका माणसाला द्यावी आणि ‘झाले’ असे त्याच्याकडून ऐकावे. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दुखापतीपासून तीन तासांच्या आतच द्यायचे, म्हणून दुखापतीची वेळ नेत्याने मोठ्याने विचारावी. दर काही मिनिटांनी स्थिती सर्वांना सांगावी. नळी टाकायला तो स्वतः वाकला की त्याला फक्त छातीच दिसते. तालुक्याच्या रुग्णालयात तीनच माणसे असतील, तर वाकावे लागेलच. तेव्हा ‘आता तुम्ही बघा’ असे दुसऱ्याला स्पष्ट सांगून वाकावे.

दुसरी अडचण आपल्या ‘सर’ संस्कृतीची आहे. 1977 मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकून 583 जण मेले. समोर दुसरे विमान असेल, ही शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती मोडीत काढली. विमान कंपन्या त्यानंतर वैमानिकांना ऐकून घ्यायला शिकवू लागल्या. आपल्याकडे वीस वर्षे कॅज्युअल्टीत काढलेल्या सिस्टरला नाडी क्षीण झाल्याचे आधी कळते, पण रजिस्ट्रारला ती सांगू धजत नाही. ‘सिस्टर, माझ्या नजरेतून काही सुटतंय का?’ हा प्रश्न विचारायची सवय रेसिडेंटला लावावी लागेल.

त्यासाठी महागडे पुतळे नकोत. आपलीच कॅज्युअल्टी, आपलीच ट्रॉली, रुग्णाच्या जागी एखादा इंटर्न आणि सोबत सिस्टर, वॉर्डबॉय, ब्लड बँकेचा तंत्रज्ञ, एवढ्यावर सराव होतो. सराव संपताच दहा मिनिटे बोलावे. दोष कोणाचा हे न शोधता, काय उशिरा झाले ते पाहावे. लॉगबुकात शस्त्रक्रियांच्या बरोबरीने ‘टीम चालवली’ असा रकाना हवा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत यावर एक स्टेशन ठेवावे, असा आमचा आग्रह आहे.

तोवर थांबायचे कारण नाही. आपले रेसिडेंट तीन महिन्यांसाठी जिल्हा रुग्णालयात जातात, तिथे कठीण प्रसंगी सल्ल्याला जवळ कोणी असेलच असे नाही. जाण्यापूर्वी प्रत्येकाने वरिष्ठांच्या देखत टीम चालवलेली असावी, ही अट विभागप्रमुख आजही घालू शकतात. पुढच्या इमर्जन्सीच्या दिवशी लेक्चररने रजिस्ट्रारला ट्रॉलीच्या पायथ्याशी उभे करावे आणि स्वतः त्याच्या मागे, गप्प राहून थांबावे.